दाट प्लाझ्माचे तापमान व घनता : लेसरजनित क्ष-किरणांच्या प्रकीर्णनाद्वारे मापन

सारांश

ग्रहांचा गाभा, ताऱ्यांचा अंतर्भाग आणि लेसरच्या साहाय्याने केले जाणारे अणुकेंद्रीय संमीलनाचे प्रयोग या तिन्ही ठिकाणी पदार्थ दाट प्लाझ्माच्या स्वरूपात असतो. असा प्लाझ्मा प्रयोगशाळेत अब्जांश सेकंदापुरताच टिकतो व दृश्य प्रकाश त्यात शिरू शकत नाही. त्यामुळे त्याचे तापमान, घनता व आयनीकरणाची मात्रा या मूलभूत राशी दीर्घकाळ केवळ गणिताने अनुमानित केल्या जात होत्या. लेसरच्या साहाय्याने निर्माण केलेल्या क्ष-किरणांचे प्रकीर्णन मोजून या राशी प्रत्यक्ष ठरविण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी विकसित झाली. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील भौतिकी तत्त्वे, महत्त्वाचे प्रयोग आणि अर्थनिर्णयनातील मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : दाट प्लाझ्मा, क्ष-किरण, टॉमसन प्रकीर्णन, कॉम्प्टन परिणाम, प्लाझ्मॉन, आयनीकरण.

प्रस्तावना

एखाद्या पदार्थाचे तापमान मोजावयाचे तर तापमापक त्या पदार्थाच्या संपर्कात आणावा लागतो, हा सर्वसामान्य अनुभव आहे. परंतु ज्या पदार्थाचे तापमान लाखो अंश आहे व ज्याचे आयुष्य अब्जांश सेकंदाचे आहे, त्याला कोणता तापमापक लावावयाचा? प्लाझ्मा भौतिकीच्या विकासात हा प्रश्न वेळोवेळी निर्णायक ठरला आहे.

याचे सर्वपरिचित उदाहरण 1968-69 या काळातील आहे. मॉस्को येथील कुर्चातोव्ह संस्थेतील टी-3 या टोकामाक यंत्रात सुमारे एक कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा मिळाल्याचा दावा सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1968 मध्ये केला. हे तापमान अप्रत्यक्ष मापनांवरून काढलेले असल्याने पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना त्याविषयी शंका होती. शीतयुद्धाचा काळ असूनही ब्रिटनमधील कलहॅम प्रयोगशाळेचे पथक 1969 मध्ये आपली लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोला गेले. माणिक-लेसरचा झोत प्लाझ्मात सोडून इलेक्ट्रॉनांनी विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट त्यांनी तपासला व सोव्हिएत दावा खरा असल्याचे जाहीर केले. त्यानंतर जगभर टोकामाक यंत्रांची उभारणी सुरू झाली. एका विश्वासार्ह मापनाने संशोधनाच्या संपूर्ण क्षेत्राची दिशा बदलली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टोकामाकमधील प्लाझ्मा मात्र अत्यंत विरळ असतो. घनरूप पदार्थाइतक्या किंवा त्याहून अधिक घनतेच्या प्लाझ्माच्या बाबतीत हीच कसोटी लावता येण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. त्यासाठी दृश्य प्रकाशाऐवजी क्ष-किरणांचा आश्रय घ्यावा लागला. तो का व कसा, हे पाहणे उद्बोधक ठरते.

दाट प्लाझ्माचे स्वरूप

पदार्थाचे तापमान पुरेसे वाढविल्यास अणूंमधील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि इलेक्ट्रॉन व आयन यांचे मिश्रण तयार होते. या मिश्रणास प्लाझ्मा किंवा आयनद्रायू असे म्हणतात. दिलेल्या तापमानास व दाबास किती अणूंचे आयनीकरण होईल, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये मांडले. ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावण्याची गुरुकिल्ली या समीकरणाने खगोलशास्त्रास दिली.

साहा समीकरणाचे गृहीतक असे की, अणू व आयन एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत व प्रत्येकाच्या ऊर्जापातळ्या शेजाऱ्यांमुळे बदलत नाहीत. ताऱ्याच्या विरळ वातावरणात हे गृहीतक योग्य आहे. दाट प्लाझ्मात ते टिकत नाही. तेथे आयन इतके जवळ असतात की एका आयनाचा इलेक्ट्रॉन शेजारच्या आयनांच्या विद्युत् क्षेत्राच्या प्रभावाखाली येतो, त्यास सोडविण्यास लागणारी ऊर्जा कमी होते आणि पुरेशा दाबाखाली तापमान न वाढविताही तो सुटा होऊ शकतो. यास दाबजन्य आयनीकरण म्हणतात.

दुसरी अडचण पुंज यामिकीची आहे. इलेक्ट्रॉन दाटीवाटीने असल्यास पाउली यांच्या अपवर्जन नियमानुसार त्यांना एकच ऊर्जापातळी वाटून घेता येत नाही व शून्य तापमानासही त्यांना मोठी गतिज ऊर्जा धारण करावी लागते. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटिमीटरला 3×10²³ असल्यास ही फर्मी ऊर्जा सुमारे 16 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे 11,600 केल्व्हिन तापमान होय. म्हणजेच एक-दोन लाख केल्व्हिन तापमानाच्या अशा प्लाझ्मात औष्णिक ऊर्जा, फर्मी ऊर्जा व आयनांमधील विद्युत् आकर्षण-प्रतिकर्षणाची ऊर्जा या तिन्ही जवळपास समान असतात. यांपैकी कोणतीही उपेक्षणीय मानता येत नाही. वायूचे सिद्धांत येथे अपुरे पडतात आणि घनरूप पदार्थांचेही. म्हणूनच येथे मापनाचे महत्त्व विशेष आहे. सिद्धांत निर्विवाद नसेल तेव्हा गणनेची ग्राह्यता प्रयोगानेच ठरते.

दृश्य प्रकाशाची मर्यादा

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांचा समूह आपल्या स्वाभाविक कंप्रतेने आंदोलित होऊ शकतो व ही कंप्रता इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. प्रकाशाची कंप्रता तिच्याहून कमी असेल, तर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्रास तत्काळ प्रतिसाद देऊन त्याचा प्रवेश रोखतात व प्रकाश परावर्तित होतो. ज्या घनतेस हे घडते तिला क्रांतिक घनता म्हणतात.

निओडिमियम लेसरच्या 1.06 मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी क्रांतिक घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 10²¹ इलेक्ट्रॉन इतकी आहे. तरंगलांबी एक तृतीयांश केल्यास ती नऊपट होते. तथापि घनरूप पदार्थापासून बनलेल्या प्लाझ्मात दर घन सेंटिमीटरला 10²³ ते 10²⁴ इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे लेसरचा प्रकाश अशा प्लाझ्माच्या बाह्य विरळ आवरणातच थांबतो. त्याने मिळणारी माहिती सालीची असते, गराची नव्हे.

क्रांतिक घनता तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने तरंगलांबी कमी करणे हाच उपाय उरतो. 4.75 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे 0.26 नॅनोमीटर असते व त्यांच्यासाठी क्रांतिक घनता 10²⁸ च्या घरात जाते. साहजिकच अशा किरणांना दाट प्लाझ्मा पारदर्शक ठरतो. येथे शोषणाचाही विचार करावा लागतो. जड मूलद्रव्ये क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, म्हणून आरंभीचे प्रयोग बेरिलियम, लिथियम यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांवर केले गेले.

लेसरपासून क्ष-किरणांची निर्मिती

नेहमीच्या क्ष-किरण नळीतून मिळणारा झोत या कामासाठी निरुपयोगी आहे. प्लाझ्मा अब्जांश सेकंदात विस्कटत असल्याने तेवढ्याच अवधीत अब्जावधी फोटॉन त्यातून जावे लागतात व तेही नेमक्या क्षणी. ज्या लेसरने प्लाझ्मा निर्माण केला, त्याच लेसरच्या काही शलाकांनी क्ष-किरणही निर्माण केले तर काळाचा मेळ आपोआप साधतो. या सोयीवर ही संपूर्ण पद्धत आधारलेली आहे.

याची मुख्यतः दोन तंत्रे आहेत. पहिल्या तंत्रात नॅनोसेकंद अवधीचा शक्तिशाली लेसर स्पंद टायटॅनियमसारख्या धातूच्या पातळ वर्खावर एकवटला जातो. वर्खाचा पृष्ठभाग अतितप्त होऊन टायटॅनियमच्या 22 पैकी 20 इलेक्ट्रॉन निघून जातात व हीलियमप्रमाणे दोनच इलेक्ट्रॉन असलेले आयन उरतात. अशा आयनातील इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेतून सर्वांत आतील कक्षेत परतताना 4.75 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची ठळक क्ष-किरण रेषा मिळते. लेसरच्या ऊर्जेचा साधारणतः एक टक्का किंवा त्याहून कमी अंशच या रेषेत रूपांतरित होतो.

दुसऱ्या तंत्रात पिकोसेकंद अवधीचा अतितीव्र स्पंद वापरतात. त्याने निर्माण झालेले वेगवान इलेक्ट्रॉन वर्खात आत शिरून शीत अणूंच्या आतील कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवितात व रिकामी जागा भरली जाताना क्ष-किरण बाहेर पडतात. टायटॅनियमसाठी त्यांची ऊर्जा 4.5 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. येथे रूपांतराचे प्रमाण पहिल्या तंत्राहून बरेच कमी आहे. परंतु रेषा अरुंद असते आणि किरणांचा अवधी काही पिकोसेकंदच असल्याने वेगाने बदलणाऱ्या प्लाझ्माचे क्षणचित्र घेता येते.

प्रकीर्णित किरणांचा अर्थ

क्ष-किरण इलेक्ट्रॉनाजवळून जाताना त्यास आंदोलित करतात व आंदोलित इलेक्ट्रॉन सर्व दिशांना किरण उत्सर्जित करतो. यास टॉमसन प्रकीर्णन म्हणतात. एका इलेक्ट्रॉनाचे प्रकीर्णन क्षेत्रफळ केवळ 6.65×10⁻²⁵ चौरस सेंटिमीटर आहे. दर घन सेंटिमीटरला 3×10²³ इलेक्ट्रॉन असलेल्या एक मिलिमीटर जाडीच्या प्लाझ्मातून शंभर फोटॉन गेले तर त्यांपैकी साधारण दोनच विखुरले जातात व ते चहूकडे पसरतात. वर्णपटमापकाच्या वाट्यास त्यांचा अत्यल्प अंश येतो. या अंशातून तीन प्रकारची माहिती मिळते.

पहिली माहिती मागील दिशेस विखुरलेल्या किरणांतून मिळते. क्ष-किरणाचा फोटॉन इलेक्ट्रॉनास धक्का देऊन स्वतःची काही ऊर्जा गमावतो. हाच 1923 मध्ये कॉम्प्टन यांनी स्पष्ट केलेला परिणाम होय. 4.75 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनाचे 125 अंशांच्या कोनात प्रकीर्णन झाल्यास ही घट सुमारे 70 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. इलेक्ट्रॉन स्थिर असते तर सर्व फोटॉनांची घट समान राहिली असती. प्रत्यक्षात काही इलेक्ट्रॉन फोटॉनाकडे येत असतात, तर काही दूर जात असतात. त्यामुळे डॉप्लर परिणामाने रेषा रुंदावते. ही रुंदी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वेगांचे प्रत्यक्ष चित्र होय. प्लाझ्मा तप्त असेल तर रुंदीवरून तापमान कळते. तो तुलनेने शीत व दाट असेल तर रुंदी फर्मी ऊर्जेने ठरते व तीवरून घनता कळते.

दुसरी माहिती पुढील दिशेस, लहान कोनात विखुरलेल्या किरणांतून मिळते. येथे किरण एकेकट्या इलेक्ट्रॉनाऐवजी त्यांच्या सामूहिक आंदोलनाशी आंतरक्रिया करतात. या आंदोलनाच्या पुंजास प्लाझ्मॉन म्हणतात. प्लाझ्मॉन निर्माण करणारा फोटॉन ऊर्जा गमावतो, तर आधीच अस्तित्वात असलेला प्लाझ्मॉन शोषणारा फोटॉन ऊर्जा मिळवितो. मूळ रेषेपासूनच्या अंतरावरून घनता ठरते. दोन्ही बाजूंच्या शिखरांच्या तीव्रतांचे गुणोत्तर मात्र केवळ तापमानावर अवलंबून असते. हे अंतर औष्णिक ऊर्जेइतके असेल तर ऊर्जा मिळविलेल्या बाजूचे शिखर दुसऱ्याच्या सुमारे 37 टक्के असते व अंतर दुप्पट असेल तर सुमारे 14 टक्के. हे गुणोत्तर औष्णिक समतोलाच्या सर्वसाधारण तत्त्वावर आधारलेले असल्याने त्यासाठी प्लाझ्माच्या विशिष्ट प्रतिमानाची आवश्यकता भासत नाही.

तिसरी माहिती ऊर्जा न बदलता विखुरलेल्या किरणांतून मिळते. हे प्रकीर्णन प्रामुख्याने अणुकेंद्राशी घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे व आयनांभोवती गोळा झालेल्या इलेक्ट्रॉनांमुळे घडते. त्याची तीव्रता व सुट्या इलेक्ट्रॉनांमुळे होणाऱ्या प्रकीर्णनाची तीव्रता यांच्या तुलनेवरून प्रत्येक अणूचे सरासरी किती इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

प्रमुख प्रयोगांचा आढावा

या पद्धतीचे पहिले निःसंदिग्ध प्रात्यक्षिक 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील सिगफ्रीड ग्लेन्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या 60 शलाकांच्या ओमेगा लेसरवर हा प्रयोग केला. घनरूप बेरिलियम क्ष-किरणांनीच आतपर्यंत समान तापविण्यात आले आणि टायटॅनियमच्या किरणांनी त्याचे निरीक्षण केले गेले. रुंदावलेल्या कॉम्प्टन रेषेवरून तापमान 53 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे सहा लाख केल्व्हिन आढळले. घनरूप पदार्थाच्या घनतेच्या प्लाझ्माचे तापमान त्याच्या अंतर्भागातून आलेल्या किरणांच्या वर्णपटावरून याआधी कोणी मोजले नव्हते.

2007 मध्ये याच लेसरवर क्लोरीनच्या 2.96 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट किरणांचा 40 अंशांच्या कोनातील वर्णपट घेऊन बेरिलियममधील प्लाझ्मॉन प्रथमच दृग्गोचर करण्यात आले. त्यापुढील वर्षी, 2008 मध्ये, अँड्रिया क्रिचर व सहकाऱ्यांनी पिकोसेकंद तंत्राचा अवलंब करून लिथियम हायड्राइडमधील आघात तरंगांचा मागोवा घेतला. दोन आघात तरंग एकत्र येण्याच्या क्षणी तापमान 25,000 केल्व्हिनपर्यंत चढले, पदार्थ तिप्पट संपीडित झाला व प्लाझ्मॉनांचे अस्तित्व दिसून आले. मुळात विद्युत् निरोधक असलेला पदार्थ धातुरूप प्लाझ्मात परिवर्तित होत असल्याचे हे निदर्शक होते. येथे कालविभेदन केवळ 10 पिकोसेकंदांचे होते.

2023 मध्ये टिलो डॉप्नर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या मालिकेतील महत्त्वाचा टप्पा आहे. लिव्हरमोर येथील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या 192 शलाकांच्या लेसरपैकी 184 शलाकांनी बेरिलियमचे पोकळ कवच आतल्या बाजूस दाबण्यात आले. कवच 30 पट संपीडित झाले, तापमान सुमारे 20 लाख केल्व्हिनपर्यंत गेले आणि दाब तीनशे कोटी वातावरणांच्या वर पोहोचला. या स्थितीत ऊर्जा न बदलता होणारे प्रकीर्णन लक्षणीयरीत्या घटलेले आढळले. सर्वांत आतील कक्षेत उरलेला इलेक्ट्रॉनही दाबामुळे आपल्या अणूची सोबत सोडू लागला आहे, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. त्यानुसार आयनीकरणाची मात्रा नेहमी वापरल्या जाणाऱ्या विश्लेषणात्मक प्रतिमानांच्या भाकितापेक्षा स्पष्टपणे अधिक ठरली.

या निष्कर्षाचे महत्त्व तांत्रिक तपशिलापुरते मर्यादित नाही. याच लेसरवर 5 डिसेंबर 2022 रोजी 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जा पुरवून संमीलनातून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळविण्यात आली. अशा प्रयोगांची आखणी संगणकीय प्रतिमानांवर होते. संपीडित होणाऱ्या कवचातील आयनीकरण त्या प्रतिमानात चुकीचे धरले गेले, तर कवचाची पारदर्शकता, दाब व उष्णतावहन या सर्वांची गणना चुकते. ताऱ्यांच्या व महाकाय ग्रहांच्या अंतर्रचनेसंबंधीच्या गणनेलाही हेच लागू पडते.

मर्यादा व अर्थनिर्णयन

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. प्रयोगात मोजला जातो तो वर्णपट. तापमान, घनता व आयनीकरण या राशी त्यावरून काढल्या जातात. त्यासाठी एक सैद्धांतिक वर्णपट रचून त्यातील राशी प्रायोगिक वर्णपटाशी जुळेपर्यंत बदलल्या जातात. प्रचलित पद्धतीत इलेक्ट्रॉनांची ‘बद्ध’ व ‘मुक्त’ अशी विभागणी केली जाते. परंतु अतिदाबाखाली ही विभागणीच अस्पष्ट होते. म्हणजे जे प्रतिमान तपासावयाचे, त्याच्याच गृहीतकांचा आधार मापनाला घ्यावा लागतो.

हा धोका काल्पनिक नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेरिलियमच्या मापनांचे अशा विभागणीविना, मूलतत्त्वांवर आधारित पुंज संगणनाने पुढे पुनर्विश्लेषण करण्यात आले. तेव्हा त्याच वर्णपटावरून निघणारी घनता मूळ विश्लेषणापेक्षा कमी आली. मापन तेच होते, पण त्याचा अर्थ बदलला.

या दृष्टीने जर्मनीतील ग्योर्लिट्झ येथील टोबियास डॉर्नहाइम व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मांडलेली पद्धत उल्लेखनीय आहे. वर्णपटाचे लाप्लास रूपांतर केल्यास मिळणारा वक्र एका विशिष्ट बिंदूभोवती सममित असतो व त्या बिंदूचे स्थान केवळ तापमानाने निश्चित होते. क्ष-किरण रेषेची स्वतःची रुंदी व उपकरणाचा प्रभाव या रूपांतरात सहज वेगळे काढता येतात. त्यामुळे प्लाझ्माचे कोणतेही प्रतिमान गृहीत न धरता तापमान मिळते. मात्र त्यासाठी वर्णपट विस्तृत पल्ल्यात व पुरेशा अचूकतेने नोंदविलेला असणे आवश्यक आहे.

प्रायोगिक मर्यादाही आहेत. लेसरजनित क्ष-किरण सर्व दिशांना पसरतात, त्यामुळे प्लाझ्माच्या निरनिराळ्या भागांतील व निरनिराळ्या कोनांतील प्रकीर्णन एकत्र नोंदले जाते. स्टॅनफर्ड येथे 2009 पासून व हॅम्बुर्गजवळ 2017 पासून कार्यरत असलेल्या मुक्त-इलेक्ट्रॉन क्ष-किरण लेसरांचा झोत अत्यंत समांतर व जवळपास एकवर्णी असल्याने त्यांनी ही अडचण दूर केली आहे. परंतु सर्वाधिक दाब निर्माण करणारे महाकाय लेसर जेथे आहेत तेथे असे झोत उपलब्ध नाहीत. म्हणून त्या ठिकाणी लेसरजनित क्ष-किरणांचे स्थान अबाधित आहे.

भारतातही तीव्र लेसर व घनरूप पदार्थ यांच्या आंतरक्रियेवर संशोधन होत आले आहे. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था व इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र यांचा त्यात प्रामुख्याने उल्लेख करावा लागेल. एका स्पंदाने प्लाझ्मा निर्माण करावा व अल्पकाळाने येणाऱ्या दुसऱ्या स्पंदाने त्याची तपासणी करावी, हे तंत्र टाटा संस्थेतील प्रयोगांत प्लाझ्मातील प्रचंड चुंबकीय क्षेत्रे मोजण्यासाठी वापरले गेले आहे. प्रस्तुत पद्धतीचा पायाही तोच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, दाट प्लाझ्माच्या अंतर्भागात प्रवेश करण्यास क्ष-किरण समर्थ आहेत व लेसरपासून ते निर्माण केल्यास अब्जांश सेकंदाच्या घटनेशी त्यांचा मेळ साधता येतो. दुसरा, प्रकीर्णित किरणांच्या वर्णपटात तापमान, घनता व आयनीकरण या तिन्हींचे ठसे स्वतंत्रपणे उमटलेले असतात. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा, हे ठसे वाचताना कोणते गृहीतक वापरले आहे, याची जाणीव ठेवणे अपरिहार्य आहे.

1969 मध्ये मॉस्कोतील मापनाने एका दाव्यास पुष्टी दिली, तर 2023 च्या मापनाने रूढ प्रतिमानांना आव्हान दिले आणि पुढे त्याच्याच अर्थनिर्णयनाची फेरतपासणी झाली. या दोन्ही प्रसंगी सिद्धांताचा न्याय प्रत्यक्ष मापनानेच केला. साहा यांच्या समीकरणाने ताऱ्यांच्या पृष्ठभागावरील आयनीकरणाचा उलगडा केला त्यास शंभर वर्षे उलटून गेली आहेत. ताऱ्यांच्या गाभ्यातील आयनीकरणाचे तितकेच निर्विवाद वर्णन अद्याप हाती यावयाचे आहे व त्या वाटचालीत क्ष-किरणांचे प्रकीर्णन हे एक प्रमुख साधन राहील, यात संशय नाही.